जुन्या शहरातले रविवार

दादाचा आवाज गणपतीत बसला आणि दिवाळी उलटली तरी सुटला नाही. आम्ही खुळ्यासारखं ते आरत्यांवर ढकललं. मग मानेवर गाठ आली, तपासण्यांत कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. पूर्ण. श्वासासाठी गळ्याला भोक ठेवतील. दादा म्हणाला, "मग नको."

दादा माझा सख्खा भाऊ नाही. मी सांडोर गावची, शाळेत गणित शिकवते. तो बोळिंजला राहतो, विमा कंपनीत नोकरी करतो. गेली सात वर्षं दर रविवारी, चर्चमध्ये मिस्सा आणि घरी जेवण आटोपून मी स्कूटरने त्याच्या घरी जाते. सोबतीला आमचा एक मित्र असतो, औषधाच्या दुकानात बसणारा. आम्ही तिघं जो खेळ खेळतो त्यात एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. काय करायचं ते आपण बोलायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवतो. गोष्ट सांगणारा कायम दादाच. राजा तोच, पहारेकरी तोच, भांडखोर म्हातारी तोच.

त्याला या खेळात आणलं सिनेमांनी. रोम, इजिप्त, बाबिलोन. तलवारी, रथ, वल्ही मारणारे गुलाम. लहानपणी केबलवर हिंदीत डब केलेले असे सिनेमे त्याने पाहिले होते आणि पुढे आमच्याही गळ्यात मारले. आधी तासभर सिनेमा, मग खेळ, असा शिरस्ताच होता. पडद्यावर नायक देवळाच्या पायऱ्या चढायला लागला की आमचा मित्र म्हणायचा, "मी असतो तर मागच्या गटारातून शिरलो असतो." दादा रिमोट दाबून सिनेमा थांबवायचा. "शीर मग." आणि तिथून आमची गोष्ट सुरू व्हायची, कायम त्याच एका जुन्या शहरात. शाळेत एकदा कुणीतरी मला विचारलं, या जुन्यापुराण्या सिनेमांत तुम्हाला एवढं काय दिसतं. तेव्हा मला सांगता आलं नाही. आता वाटतं, त्यातल्या अडकलेल्या माणसाला कुणाला फोन लावता येत नाही. हातात असेल तेवढ्यावर आणि बरोबरच्या माणसांवर त्याला सुटावं लागतं. आम्हाला ते आवडायचं. प्रत्यक्षात तशी वेळ आली तेव्हा मात्र आम्हाला सुटायची वाट दिसेना.

ऑपरेशनची पहिली तारीख दादाने चुकवली. सकाळी उठून सरळ कामावर गेला. वहिनीचा मला शाळेत फोन आला. "तुमचं तरी ऐकेल. या तुम्ही दोघं."

आम्ही गेलो. मित्राने औषधांबद्दल माहीत होतं ते सगळं सांगितलं. मी म्हटलं, नंतर यंत्र लावून बोलता येतं, माणसं बोलतात. दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "डब्यातून बोलल्यासारखं. ऐकलंय मी." त्यानंतरच्या रविवारी मी एक गोष्ट केली, तिची अजून लाज वाटते. तो सिनेमातल्या एका लढाईबद्दल बोलत असताना मी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि त्याचा आवाज रेकॉर्ड करायला लागले. त्याच्या लक्षात आलं.

"काय करतेयस?"

मी मोबाईल सुलटा केला.

"मी मेलो नाहीये अजून. पूस ते."

त्याच्यासमोर पुसलं. मग तो आत जाऊन झोपला आणि आम्ही दोघं जिना उतरलो. खाली टँकर पाणी सोडत होता, त्याच्या आवाजात मला रडून घेता आलं.

दुसरी तारीख मंगळवारची होती. आदल्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा टीव्ही बंद होता. दादा टेबलाशी नुसता बसला होता. सात वर्षांत आमच्या खेळात कधी न बसलेली वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि फासा उचलला.

"मला तुमच्या त्या शहरात जायचंय," ती म्हणाली. "आत गेल्यावर काय दिसतं?"

दादाने तिच्याकडे बघितलं. "वेस," तो म्हणाला. "दोन पहारेकरी."

"त्यांना नमस्कार करते आणि आत जाते. इथल्या बायका पाणी कुठे भरतात?"

सात वर्षांत आम्ही त्या शहराला दोनदा आग लावली होती, पण हे कधी विचारलं नव्हतं. दादाला विहीर बांधावी लागली. मग विहिरीकडे जाणारी गल्ली, गल्लीतली भट्टी, भट्टीवरची बाई. वहिनी तलवारीला हात लावेना. ती भाव विचारत होती, कुणाच्या घरी आजारी कोण आहे ते विचारत होती. दादाचा आवाज मधेच चिरायचा, नुसती हवा यायची. तो पाणी प्यायचा आणि पुढे बोलायचा. रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा मित्र उठायला लागला. वहिनीने त्याला हाताने खाली बसवलं.

दोन तासांनी दादा थांबला. वहिनी म्हणाली, "माझं अजून निम्मंही फिरून झालं नाही. मला तिथे एकटीला सोडून जाऊ नका." चढ्या आवाजात नाही, रोजच्यासारखंच. मग ती उठून चहा टाकायला गेली.

मंगळवारी तो ॲडमिट झाला. तिच्यामुळे की दुखणं सोसेना म्हणून, ते त्याने कधी सांगितलं नाही.

ऑपरेशन आठ तास चाललं. पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. घरी आल्यावरही दोन महिने त्याने आम्हाला येऊ दिलं नाही. मी सुकेळी, आमच्याकडची उन्हात वाळवलेली केळी, पाठवली, तर वहिनीचा निरोप आला की त्याला गिळता येत नाही. हे मला सुचायला हवं होतं.

आता आम्ही पुन्हा जातो. गोष्ट मी सांगते आणि वाईट सांगते. दादा ते बोलायचं यंत्र लावत नाही, पाटीवर लिहून मला दुरुस्त करतो, रागावला की खडू मोडतो. वहिनी खेळते. गेल्या रविवारी माझा पहारेकरी तिच्याशी फारच गोडीत बोलला, म्हणून दादाने लिहिलं, "हा माणूस लाच खातो. तसा बोल." मी तसं बोलून बघितलं. त्याने मान हलवली, पुसलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. पुढच्या महिन्यात त्याची तपासणी आहे, गाठ परत आली नाही ना ते बघायला.