फाटकापासून तिसरी समाधी

माझे सासरे सिताराम गोसावी म्हणजे वाशीच्या मार्केटात तीस वर्षं कांद्याची पोती वाहिलेला माणूस. मूळ साताऱ्याकडचे. आता त्यांना काम एकच, घणसोलीत आमच्या समाजाच्या दफनभूमीत जाऊन बायकोशी गप्पा मारायच्या. फाटकापासून तिसरी समाधी. अकरा वर्षं झाली, गजरा चुकवला नाही. शिवाय दर सर्वपित्रीला तिथल्या सगळ्या दगडांना चुना फासायचा, तोही इतक्या मायेनं की अक्षरं पार बुजून गेली!

परवा समाजाचे पंच बंडूकाका म्हणाले, "जागा संपत आलीय. ज्याला जिथं हवी तिथं आजच नाव लावा."

मामंजी पळतच सुटले. "शकूच्या शेजारची माझी! दुसरीकडं मी मरणारच नाही!"

बंडूकाकांना खात्री हवी होती. मी उलथनं आणलं आणि चुना खरवडायला लागले. खपल्या पडल्या, अक्षरं दिसली: ज्ञानूबुवा गोसावी.

अगं बाई! त्या मिशाळ ज्ञानूबुवांना मामंजी अकरा वर्षं 'राणी' म्हणत होते, वर गजरा घालत होते! बंडूकाका हसून हसून खालीच बसले. मला तर आवरेना, पदर तोंडात कोंबला. मामंजी मात्र रडकुंडीला आले. "उज्वला, मग माझी शकू कुठाय गं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाई गेल्यावर लगेच कंपाउंड बांधलं, त्यात फाटक त्या टोकाहून या टोकाला आलं. आणि हे आपले फाटकापासूनच मोजत राहिले! धावलो दुसऱ्या टोकाला, तिथून तिसरा दगड खरवडला. शकुबाई!

पण शेजारी जागा कुठाय? एका बाजूला दुसरी समाधी, दुसऱ्या बाजूला लिंबाचं झाड, मधे जेमतेम दीड हात.

"आपल्यात माणसाला बसवूनच पुरतात हे खरं," बंडूकाका म्हणाले, "पण तुमी बसूनपण नाय मावणार."

मामंजींनी चपला काढल्या, पोट आत ओढलं आणि तिथंच मांडी घातली. एक गुडघा झाडाला, दुसरा सासूबाईंच्या दगडाला. मावले! मी टाळ्याच पिटल्या. बंडूकाकांनी झाडावर खडूनं नाव लिहून टाकलं.

"चला आता घरी, जेवायचं राहिलंय," मी म्हटलं.

मामंजी हलेनात. दगडावर हात ठेवून म्हणाले, "तुमी व्हा पुढं. नातू झाला, तेसुद्धा मी त्या ज्ञानूलाच सांगितलंय. हिला अजून काहीच माहीत नाही."