शेवटच्या पानावरची सोंड

कुठेही, अगदी स्वर्गाच्या दारातसुद्धा, आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट विचारून घेईल असा माणूस जगात एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते आणि घरी आल्यावरही ते पद उतरवून ठेवत नसत. बदलापूरच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी त्यांनी मांडवाची मागची कनात सोडवली. "भटजी, तुमचं चालू द्या. फक्त आग लागली तर नवरामुलगा इकडून," एवढंच म्हणाले. आमच्याकडे जेवायला आले की चपला दाराकडे तोंड करून ठेवत, आणि स्टोव्ह विझेपर्यंत त्याच्याकडे पाठ करत नसत.

अशा या मामांनी आमच्या चिंगीची शाळेची भीती घालवायचं मनावर घेतलं. जूनमध्ये तिला बालवर्गात घालायचं होतं आणि 'शाळा' म्हटलं की ती पलंगाखाली जाऊन बसे. "आधी ड्रिल घेतलं पाहिजे," मामा म्हणाले आणि उल्हासनगरच्या बाजारातून चित्रांच्या पुस्तकांचा गठ्ठा स्वस्तात घेऊन आले. सगळी एकाच गोष्टीची, म्हणजे प्रत्येक मुलाच्या हातात एक. संध्याकाळी आमच्या ओट्यावर कॉलनीतली चिल्लीपिल्ली जमली. मामांनी आधी सगळ्यांची नाकं पुसली. मग शिट्टी वाजली की पान उलटायचं. हत्तीचं पिल्लू शाळेत जातं, रडतं, बाई त्याला ऊस देतात, घंटा होते, सगळ्यांच्या आया येतात, पिल्लू एकटंच फाटकात उभं राहतं. शिट्टी! आणि पुढे पानच नव्हतं. एकाही पुस्तकात नव्हतं.

ओट्यावर सगळ्यांनी असा काही गळा काढला की शेजारच्या काकू कणकेच्या हातांनी धावत आल्या. "हत्तीची आई आलीच नाही. मी शाळेत जाणार नाही," चिंगीनं पलंगाखालून जाहीर केलं. आता तिच्याकडे छापील पुरावा होता! मामा तडक उल्हासनगरला गेले. दुकानदार हसला. "अरे साईं, माँ है, आएगी ना! जाएगी किधर?" आम्ही म्हटलं, मामा, तुम्हीच काहीतरी शेवट सांगून टाका. "न पाहिलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही," ते म्हणाले. पण शाळेच्या पहिल्या दिवशी त्यांनी चिंगीला जवळ घेतलं. "शेवटचं पान शाळेच्या फाटकात आहे. घंटा झाली की दिसेल." त्या आशेवर ती हुंदके देत का होईना, गेली.

शाळा सुटायच्या आधी मामा फाटकात येऊन उभे राहिले. अंगावर करडं ब्लँकेट आणि तोंडावर कारखान्यातून मोडीत निघालेला गॅस मास्क, त्याची लांब रबरी नळी खाली लोंबतेय. पण अंबरनाथमध्ये सेफ्टी ऑफिसर मास्क लावून रस्त्यात उभा राहिला, तर त्यात हत्ती कोणाला दिसणार? "गॅस सुटला रे! पळा!" कोणीतरी ओरडलं, आणि गल्लीगल्लीतून आया नाकाला पदर लावून शाळेकडे धावल्या. एक तर केसांतल्या शिकेकाईसकट आली. माझी बायको अनवाणी. मामा आतून "मी हत्ती आहे, हत्ती!" असं ओरडत होते म्हणे, पण बाहेर नुसती घुरघुर. घंटा झाली, मुलं बाहेर आली, आणि चिंगीनं आनंदानं ती नळी ओढली. "हत्तीची आई आली! सगळ्यांच्याच आया आल्या!" मोठ्या बाईंनी मामांना सगळ्यांदेखत झापलं आणि कारखान्यातून मेमो आला. दुसऱ्या दिवशी चिंगी दप्तर अडकवून सगळ्यांच्या आधी दारात उभी होती.

ती कॉलेजात गेली त्या वर्षी मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात त्यांनी बाहेर पडायची वाट विचारली नाही, तेव्हाच मला कळलं की ते घाबरले आहेत. ते चिंगीचा हात सोडेनात. "मामाआजोबा, तुम्ही सुटलात की मी दारात आहे," ती म्हणाली. त्यांना बाहेर आणलं तेव्हा डोळ्यांवर पट्ट्या होत्या. चिंगीनं तो जुना मास्क तोंडाला लावला होता आणि नर्स तिच्याकडे बघत राहिली होती. मास्कमधली घुरघुर ऐकून मामांनी हात पुढे केला, नळी सापडेपर्यंत हवेत चाचपडले, आणि ती घट्ट धरून लहान मुलासारखे म्हणाले, "आली."