घाटातलं घट्ट पेडल
मेंढ्यांचा वास आला की माझा पाय आजही आपोआप ब्रेकवर जातो. दौलताबादच्या घाटात उतार लागला की मी इंजिन बंद करायचो. लिटरमागं दोन किलोमीटर जास्त मिळत. एकदा वळणावर मेंढ्यांचा कळप आडवा आला, मागं कोकरू काखेत घेतलेली बाई. दोनदा ब्रेक लागला, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं घट्ट झालं. मी दोन्ही पायांनी दाबत राहिलो आणि गाडी पुढं सरकत राहिली. "अहो, थांबवा ना!" शेजारून बायको ओरडली. बाईपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. नंतर चिकलठाण्याच्या गॅरेजात मिस्त्रीनं पेडलवर पाय ठेवून इंजिन चालू करताच पेडल अलगद खाली गेलं. "साहेब, ब्रेकला काय बी झालेलं नाय. ब्रेकला जोर इंजिनाचा असतो; ते बंद केलं की दोन-तीनदा दाबल्यावर पेडल घट्ट व्हतंच. उतारावर चावी फिरवता व्हय?" घाट लागला की बायको अजूनही रस्त्याकडं नाही, किल्लीकडं बघत बसते.