एक आडनाव, एक टाचणी

ही आम्ही जिंकलेली लढाई आहे, त्यामुळे ती मी येईल त्याला ऐकवतो. बायकोला ती पाठ झाली आहे. आता लिहूनच टाकतो, म्हणजे तिची सुटका.

सौदी अरेबियातल्या यान्बूला, रिफायनरीच्या देखभालीचं कंत्राट घेणाऱ्या एका कंपनीत मी बरीच वर्षं प्लॅनिंग इंजिनिअर होतो. माझा साहेब आयरिश. साठीकडे झुकलेला, उन्हाने कायमचा लालबुंद झालेला आणि एका बाबतीत पुरता नादिष्ट. इतर साहेब लोक केबिनमध्ये सुरक्षेची प्रमाणपत्रं लावतात, याने जगाचा नकाशा लावला होता. जगात जिथे जिथे त्याच्या आडनावाचं काही होतं तिथे टाचणी टोचलेली. कॅनडातलं एक गाव, ऑस्ट्रेलियातला एक ओढा, न्यूझीलंडमधलं दीपगृह, अमेरिकेत अर्धा डझन खेडी आणि एक तुरुंग. शिवाय एक वही होती, तिच्यात त्या आडनावाची माणसं. एक बिशप, एक मुष्टियोद्धा, पंपाचा कसलासा व्हॉल्व्ह शोधून काढणारा, घोडे चोरून फासावर गेलेला. एका पानावर समोरासमोर दोघे होते, एक बंडखोर आणि त्याला पकडणारा पोलीस अधिकारी. साहेब या सगळ्यांना ‘कझिन’ म्हणायचा, घोडेचोरालाही. खरं नातं कुणाशीच नव्हतं, हे तो स्वतःच सांगायचा.

मला या छंदाचा भारी राग यायचा. मी मुळातच चिडका माणूस. पंप उघडून पडलाय, क्रेनचा पत्ता नाही, आणि हा गृहस्थ आनंदाने सांगतोय की अर्जेंटिनात त्याच्या नावाची एक गल्ली सापडली. एकदा वैतागून मी त्याला म्हणालो की तुमची माणसं गेली तिथे जागांना आपलं नाव देत सुटली, आमच्या कोकणात सगळं उलट आहे. आमच्याकडे गाव माणसाला नाव देतं. गावाच्या नावाला ‘कर’ लावला की झालं आडनाव, मग तो ब्राह्मण असो, तेली असो की मुसलमान. आमच्या गावात पूर्वी शनिवारी घाणा बंद ठेवणारे यहुदी तेली होते, ते इस्रायलला गेले तेसुद्धा हेच आडनाव घेऊन. तुम्हाला पेटीभर टाचण्या लागल्या, आमचं सगळं एका टाचणीत भागतं.

वाटलं होतं, गप्प बसेल. तो उठला आणि त्याने माझ्या हातात टाचणीच ठेवली. रायगडच्या किनाऱ्यावर, जिथे नकाशात आमचं गाव सोडा, गावची खाडीसुद्धा नव्हती, तिथे मी ती अंदाजाने टोचली. जरा समुद्रातच गेली.

त्याच प्लँटवर माझ्या गावचा, माझ्याच आडनावाचा आणखी एक माणूस होता. रिगरांचा फोरमन. क्रेनने शेकडो टनांचं यंत्र उचलायचं तर त्याला दोर कुठे बांधायचे हे ठरवणारा माणूस. तो मुसलमान, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणतो, तो मला भाऊ म्हणतो. आमच्या गावात शिमग्याची पालखी त्याच्या अंगणात थांबते आणि तिथून नारळ घेतल्याशिवाय पुढे जात नाही. दर्ग्याच्या उरुसाला पहिली चादर आमच्या घरची. लहानपणापासून हे असंच बघितलेलं, त्यामुळे त्यात काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

भाईला कंपनीत मीच आणला होता, बारा वर्षांपूर्वी. शिफारशीचा एक फॉर्म होता. त्यात ‘उमेदवाराशी नातं’ असा रकाना आणि पुढे चौकटी: भाऊ, चुलतभाऊ, मेहुणा, काही नाही. मी ‘काही नाही’वर पेन टेकवला आणि उचलला. भाईशी माझं काही नाही? हे कसं लिहू? माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला जेवायला वाढलं नसतं. मी ‘भाऊ’वर खूण केली आणि फॉर्म देऊन टाकला. आमच्या गावच्या कुठल्याही माणसाने हेच केलं असतं.

बारा वर्षं तो फॉर्म फाइलीत पडून राहिला. मग सौदीकरण आलं. कंपन्यांना लाल, पिवळे, हिरवे असे रंग मिळू लागले. स्थानिक माणसं किती घेतली त्यावर रंग, आणि रंगावर व्हिसे. आमची कंपनी लालाच्या काठावर. रोज कुणाचं तरी नाव यादीत लागायचं, की खलास, चालला तो घरी. आपल्या देशात आपल्या पोरांना नोकऱ्या द्याव्यात यात मला काही चूक दिसत नव्हती, पण सकाळी कार्ड पंच करण्याआधी मी यादी दोनदा वाचायचो, ती वाचायचोच. त्यातच कंपनीने स्वतःचा एक नियम काढला. एका कुटुंबातले दोन परदेशी असतील तर नंतर आलेल्याला आधी पाठवायचं. कुणीतरी जुन्या फाइली उघडल्या. डिसेंबरात भाईला पत्र आलं.

भाईची बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती. घरात तो आणि मुलगी. मुलगी तिथल्याच भारतीय शाळेत दहावीला, अभ्यासात हुशार, आणि बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर. बापाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द झाला की तिचाही होणार. दोघांना विमानात बसायला लागणार आणि पोरीचं वर्ष बुडणार. हे सगळं माझ्या एका खुणेमुळे. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दोन दिवस मी भाईसमोर गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी मी एचआरच्या प्रमुखाकडे गेलो. सौदी माणूस, पस्तिशीचा, बाहेर शिकून आलेला, बोलायला अतिशय सभ्य. मी सांगितलं की तो माझा भाऊ नाही, त्याचा धर्म वेगळा, माझा वेगळा, इकाम्यावर बघा. त्याने खरंच बघितलं. मग फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि शांतपणे विचारलं की ही खूण कोणाची? माझी. सही? माझीच. तो म्हणाला की भाऊ असेल तर तो जाईल आणि भाऊ नसेल तर खोटं लिहून माणूस आणल्याबद्दल तुम्ही जाल. गुरुवारी दोघे या, त्यालाही विचारतो, मग ठरवू.

मी बाहेर आलो तो डोकं तापवूनच. पण खरं सांगायचं तर निर्णय झाला होता, जायचं ते मीच. माझी मुलं पुण्यात मार्गी लागलेली, मला परत जायला काही अडचण नव्हती. बायकोला फोन केला. ती म्हणाली की ये निघून, पण पोरीचं वर्ष जाता कामा नये. संध्याकाळी मी भाईकडे गेलो आणि बजावलं की गुरुवारी विचारलं तर साफ सांगायचं, हा माझा कोणी नाही. भाईने चहा पुढे केला. आत मुलगी मोठ्याने इतिहासाच्या सनावळ्या घोकत होती.

साहेबाला कळलं तेव्हा तो आधी माझ्यावर ओरडला, मला विचारल्याशिवाय राजीनामा देणारा तू कोण म्हणून. मग खुर्ची ओढून नकाशासमोर बसला. म्हणाला, “तुझी यादी कर. माझी करायला तीस वर्षं गेली, तुला दोन दिवस आहेत. तुझी एकच टाचणी आहे, तुला सोपं जाईल.”

मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या छंदाला शिव्या दिल्या नाहीत. त्या दोन दिवसांत मी इतके फोन केले की कान दुखायला लागला. आमच्या आडनावाची माणसं सौदीत कुठे कुठे असावीत! रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्रकल्पात एक वेल्डर निघाला, मुसलमान. जिझानला एक शिंपी, तोही मुसलमान, पण भाईच्या मोहल्ल्यातला नाही, खालच्या आळीचा. यान्बूतच एक नर्स, जातीने भंडारी. ती माझ्याकडून दर आठवड्याला कढीपत्ता नेत होती, पण आडनाव कधी निघालंच नव्हतं. एक ब्राह्मण केमिकल इंजिनिअर, ज्याने गाव जन्मात पाहिलेलं नव्हतं आणि त्याबद्दल तो फोनवर माझी माफी मागत होता. मी म्हटलं, माफी राहू दे, इकाम्याचा फोटो पाठव. सगळ्यांनी पाठवले. एकूण अकरा जण. कुणाचं कुणाशी रक्ताचं नातं नाही, आणि सगळ्यांचं गाव एक. यहुदी तेल्यांचा विषय मी अर्थातच काढला नाही, तेवढी अक्कल मला आहे.

गुरुवारी आम्ही तिघे गेलो. साहेब न बोलावता आला, काखेत वही. मी यादी मांडली. नाव, धर्म, धंदा, गाव. प्रमुख एकेक फोटो बघत गेला. म्हणाला की आमच्याकडे आडनाव म्हणजे टोळी, टोळी म्हणजे रक्त, मी तसंच धरून चाललो होतो. साहेबाने वहीचं ते पान उघडून दाखवलं, बंडखोर आणि पोलीस. सांगितलं की एका आडनावाची माणसं एका घरची असतात असं धरलंत, तर हे दोघे एका ताटात जेवायला हवे होते. प्रमुख हसला. मला वाटलं, जमलं.

पण तो हुशार माणूस होता. हसून झाल्यावर म्हणाला की आडनावाचं पटलं, पण खूण आडनावामुळे झालेली नाही, ती याने हाताने केली आहे. मग तो भाईकडे वळला आणि सरळ विचारलं की हा तुझा भाऊ आहे की नाही?

मी भाईकडे बघितलं. एक ‘नाही’ म्हटलं की त्याची नोकरी पक्की, पोरीची परीक्षा पक्की. मी त्याला हजारदा पढवलं होतं. भाईला अरबी कामापुरतं येतं, पण तो त्या माणसाशी बोललाच नाही. तो माझ्याकडे वळला.

“भाऊ, तू सांग त्याला, म्हनावं, ह्याचा बाप गेला तवा ह्यो हितं अडकलेला. खांदा मी दिला. भाऊ नाय त मंग कोन?”

हे मला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मला देश सोडायचा परवाना वेळेवर मिळाला नाही. भाई सुट्टीवर गावी होता. स्मशानापर्यंत तो पुढच्या बाजूला होता, एकदाही खांदा न बदलता, असं मला आईने सांगितलं. आम्ही दोघे यावर एक शब्द कधी बोललो नव्हतो. आणि आता ते मला, माझ्याच तोंडाने, इंग्रजीत सांगायचं होतं. मी सुरुवात केली आणि दोन वाक्यांत मला रडू फुटलं. पन्नाशी उलटलेला चिडका माणूस एचआरच्या केबिनमध्ये ढसाढसा रडत होता. उरलेलं वाक्य साहेबाने पुरं केलं, त्याला ते मी पूर्वी एकदा सांगितलं होतं.

प्रमुखाने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, वडील दुसऱ्या धर्माचे असून? मी मान हलवली. त्याने पेन उघडलं. फॉर्मवरच्या माझ्या खुणेशेजारी त्याने अरबीत चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला आणि वाचून दाखवल्या. रक्ताचं नातं नाही, सबब कुटुंबाचा नियम लागू नाही. माहिती खोटी नाही, सबब कारवाई नाही. पत्र रद्द.

मी तीनदा वाचायला लावलं. चौथ्यांदा साहेबाने माझा दंड धरून मला बाहेर काढलं. पार्किंगमध्ये तो लाल माणूस आम्हा दोघांना मिठ्या मारत होता आणि भाईला ‘कझिन’ म्हणत होता. मी ओरडत होतो, कशासाठी ते आता आठवत नाही. जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

जरा शांत झाल्यावर मी भाईला झापलं. म्हटलं, नाही म्हणायला काय झालं होतं? तो माणूस वेगळा असता तर? पोरीचं वर्ष गेलं असतं!

भाई म्हणाला की वर्ष पुढल्या खेपेला भरून काढता आलं असतं. मग त्याने मला गप्प राहायची खूण केली, कारण तो मुलीला फोन लावत होता. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

“अभ्यासाला बस,” तो म्हणाला. “मी हितंच हाय. काका पन हितंच हाय.”