पंचावन्नचा फिल्टर माझ्या लेन्सला बसला नाही

मंडळी, डोकं फिरलंय.

उद्या गणेशचवथ. मुळगावच्या सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची, हरण नावाची इवली पिवळी रानफुलं आज संध्याकाळपर्यंत लोक गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी खुडून नेणार. माझी मैत्रीण शर्वरी, तिला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्यांचे झाडावरचेच, अगदी जवळून काढलेले फोटो हवेत. मीच छाती ठोकून म्हटलं, मी काढतो.

सकाळी दुकानात क्लोज-अप फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसवायचं भिंग, मागितलं. दुकानदाराने लेन्सवर १८-५५ वाचलं आणि पंचावन्नचा फिल्टर दिला. "नक्की बसणार ना?" तर म्हणतो, "आंकडो दिसता न्हय मरे तुका!" म्हणे आकडा दिसतोय ना!

सड्यावर तो बसेचना. ५५ हा झूमचा आकडा! फिल्टरचं माप गोलावर रेघ मारलेल्या चिन्हापुढे असतं, माझ्या लेन्सवर तिथे ५२ आहे. विकायला बसलाय, एवढं माहीत नको? परत गेलो तर दुकान चवथीसाठी बंद!

सोबत आलेली शर्वरी म्हणाली, "कॉलेजसारखं हेही अर्ध्यावर सोडणार मरे? मी वर्गातल्या रोहनला बोलावते, त्याचा मोबाईल बरा आहे."

रोहन! त्याच्या मोबाईलमध्ये फूल म्हणजे पिवळा डाग!

पेडणे-डिचोलीत कोणाकडे ५२ चा क्लोज-अप फिल्टर आहे? धारगळला असलात तरी आत्ता बाईक काढतो. उपदेश नको, फिल्टर द्या.