कॅमेऱ्यामागची सतरंजी

कमरभाभींना मी इतक्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. परवा पाहिलं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. जीव भांड्यात पडल्यावर माणूस रडतं, तसं ते रडणं होतं.

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला बदरोद्दीनचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून माझं इंटरनेट कॅफे. कॅफेचं आता ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र झालं, बदरोद्दीन मात्र आहे तिथंच आहे. पाटीवर नाव त्याचं असलं तरी दुकान चालतं ते त्याच्या बायकोच्या, कमरबीच्या जोरावर. लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष कॅमेरावाल्याला कोण येऊ देणार? चार-दोन लग्नं हातची गेल्यावर बदरोद्दीननं मुकाट्यानं बायकोच्या हातात कॅमेरा दिला. आधी तिला शिकवायला म्हणून तो ओरडायचा, नंतर तीच त्याच्यावर ओरडायला लागली.

भाभींचा एक नियम आहे. शूटिंगच्या आधी त्या कॅमेऱ्याच्या स्टँडमागं एक सतरंजी अंथरतात आणि खड्या आवाजात सांगतात, "जिसकू व्हिडिओ में नको आना, वो मेरे पीछे आके बैठो." सतरंजीवर बसलेली बाई चित्रात येत नाही म्हणजे येत नाही. कुणी कितीही हाका मारो, कॅमेरा मागं वळत नाही. या एका शब्दावर थेट जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या धावड्यापर्यंतच्या घरांतून त्यांना बोलावणं येतं.

बारा-पंधरा वर्षांपूर्वी ओळखीतल्या आसिफाचं लग्न झालं, त्यातही सतरंजी होतीच. तिचे अब्बा तेव्हा जेद्दाहला नोकरीला. ऐन वेळी त्यांची सुटी नाकारली गेली. पोरीचं लग्न निदान डोळ्यांनी बघता यावं म्हणून ते तिथल्या एका कॅफेत बसणार आणि आम्ही इथून थेट दाखवणार, असं ठरलं. आजच्या पोरांना पटत नाही, पण तेव्हा ब्राउझरला असला व्हिडिओ स्वतःहून दाखवता येत नसे. त्यात वेगळा एक तुकडा बसवावा लागे, त्याला प्लगइन म्हणायचे. आणि एकाचा व्हिडिओ दुसऱ्याच्या प्लगइननं उघडेल तर शपथ!

बदरोद्दीन सिल्वरलाइट नावाच्या प्लगइनच्या प्रेमात पडलेला. "आदिनाथभाऊ, चित्र बघा, लोण्यासारखं चालून राह्यलं."

"चित्र काय चाटायचंय?" मी म्हणालो. "तिकडं उघडलं पाह्यजे ना."

आम्ही अब्बांना फोनवर धरून एकेक करून पाहिलं. जेद्दाहचा कॅफेवाला आपल्या मशीनवर नवीन काही बसवू देईना. त्यामुळे सिल्वरलाइट बाद आणि रिअलप्लेअरही बाद. फ्लॅश तेवढं त्या मशीनवर आधीपासून होतं. झालं, वाद मिटला. बदरोद्दीन दोन दिवस माझ्याशी तोंड फुगवून होता.

राहिला आमच्या ब्रॉडबँडचा प्रश्न. इथून वर पाठवायचा वेग इतका रडका, की चित्र आणि आवाज दोन्ही चांगले जाणं शक्यच नव्हतं. काय सोडायचं ते अब्बांनाच विचारलं. ते म्हणाले, "तस्वीर अटकी तो अटकने दो. आवाज साफ आना." मग चित्र काडेपेटीएवढं केलं आणि आवाज होता तसा भरगच्च ठेवला. पानाला पासवर्ड घातला, तो फक्त अब्बांना दिला. कॅमेरा सगळा वेळ नवरीवरच धरायचा, हेही ठरलं. लॅपटॉप आत भाभींजवळ आणि आम्ही दोघं बाहेर मांडवात, बदरोद्दीनच्या कानाला जेद्दाहचा फोन. शेवटी शेवटी लाईट गेली, बॅटरी मेलेला लॅपटॉप बंद पडला आणि प्रक्षेपण तुटलं, पण तोवर बहुतेक सगळं पार पडलं होतं.

नंतर डीव्हीडी झाली. तिच्यात नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या आवाजावर सिनेमाची गाणी चढवली. थेट गेलेलं ते रेकॉर्डिंग मात्र त्या पासवर्डच्या पानावर तसंच राहिलं. पासवर्ड पुढं आसिफालाही दिला होता. तिनं एकदा थोडंसं पाहून सोडून दिलं. अम्मी समोर चालती-बोलती असताना कोण काय बघत बसतं?

या हिवाळ्यात आसिफाची अम्मी गेली. तिनं आयुष्यात फोटो काढू दिला नाही. ओळखपत्रावरचा तेवढा एक, तोही चेहरा ओळखू न येणारा. आसिफा परभणीला नांदते. डीव्हीडीत अम्मी कुठंच नव्हती, म्हणून चाळिसावा झाल्यावर तिनं ते जुनं पान उघडलं, तर व्हिडिओच्या जागी करडा चौकोन. परभणीतल्या कॉम्प्युटरवाल्यानं सांगून टाकलं, फ्लॅश कायमचं बंद झालं, आता ते विसरा. तशी ती उठून भाभींकडं आली. "चाची, अम्मी कहीं तो दिखी होंगी. एक दफा तो."

भाभी तिला चहा देऊन माझ्याकडं आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊ, तिला कसं सांगू? तिची अम्मी तर सतरंजीवर बसल्ती. माझ्या पाठीला गुडघा लावून. मी एकदा बी कॅमेरा मागं न्हाई घुमवला."

"मंग तसं सांगून टाका की."

"त्यो व्हिडिओच न उघडला तर बरं, असं बी आलं माझ्या मनात," त्या म्हणाल्या. "तौबा! काय बाई झाले मी."

मला फार वाईट वाटलं. ज्या शब्दावर बाईनं आयुष्य उभं केलं, तोच आता तिच्या घशात अडकला होता.

दुकानात बदरोद्दीनचा वेगळाच तमाशा चाललेला. इंटरनेटवर कुठून कुठून फ्लॅश शोधून तो मशीनवर चढवत होता, आणि पडद्यावर लॉटरी लागल्याच्या जाहिराती नाचत होत्या. मी त्याच्या हातातून माऊस काढून घेतला. "अहो, प्लगइन मेला म्हणून व्हिडिओ थोडाच मरतो? पाठवताना लॅपटॉपवर कॉपी ठेवल्ती ना आपण?"

कॉपी होती, आणि दोन प्रकारची होती. लॅपटॉप मोडीत काढताना त्यानं ती जुन्या हार्डडिस्कवर टाकली होती. पहिली कॉपी त्याच्या आवडीच्या नव्या प्रकारची. ती उघडेचना, कारण लाईट गेल्यानं ती अर्धवट राहिली होती आणि त्या प्रकारची फाईल रेकॉर्डिंग नीट संपवून बंद केल्याशिवाय चालत नाही. बदरोद्दीनचा चेहरा उतरला. दुसरी फ्लॅशची, जिला तो कच्चा माल म्हणायचा. ती जिथं तुटली तिथपर्यंत चालते. साध्या प्लेअरमध्ये टाकली, ब्राउझरही नको आणि प्लगइनही नको. काडेपेटीएवढं चित्र हललं.

स्पीकर अजून बंदच होता. मी लगेच थांबवलं. भाभींनी आसिफाला आत बोलावलं आणि पडद्यासमोर बसवायच्या आधी सगळं सांगितलं, सतरंजीचं, गुडघ्याचं. खोटी आशा दाखवणं त्यांना जमेना. आसिफानं खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाली, "फिर भी लगाओ, चाची."

स्पीकर चालू करून, थांबवलं होतं तिथूनच पुढं लावलं आणि आम्ही दोघं पुरुष पडद्याकडं पाठ करून बसलो. ढोलक वाजत होती, ताटं आदळत होती, कुणाचं तरी लेकरू रडत होतं. आणि या सगळ्याच्या वर, अगदी कानाशी बोलावं तसा एक घोगरा, मायाळू आवाज आला. "कमर, हिल नको गे. कॅमेरा मेरी बच्ची पे-च रख."

"अम्मी!" आसिफा ओरडली.

सतरंजीवर बसणारी बाई चित्रातून सुटते, पण कॅमेऱ्याच्या माइकला सगळ्यात जवळ तीच असते. हे आमच्यापैकी कुणाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं! पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या माउलीचं तोंड चालू होतं. तिनं बिर्याणीला नावं ठेवली, पोरांना दटावलं, मध्येच गाण्यात सूर मिसळला, मध्येच नाक ओढलं. भाभी तोंडाला पदर लावून रडत होत्या. त्यांचा शब्दही राहिला होता आणि आसिफाची अम्मीही सापडली होती.

आसिफानं अब्बांना फोन लावला. ते आता जालन्यातच घरी असतात, त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. "अब्बा, कुछ बोलो मत, सिर्फ सुनो," म्हणत तिनं फोन स्पीकरला लावला. मी रेकॉर्डिंग पहिल्यापासून सुरू केलं.

ढोलक सुरू व्हायच्या आधीच, मघाशी आवाजाविना गेलेल्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यात, अम्मीनं दबक्या आवाजात माइकजवळ जेद्दाहच्या अब्बांना विचारलं होतं, "सुनरे क्या जी? आवाज आरी क्या?"

त्या दिवशी अब्बांचं उत्तर मांडवात बदरोद्दीनच्या फोनवर आलं होतं. तिच्यापर्यंत ते कधी पोचलंच नाही.

मी रेकॉर्डिंग तिथंच थांबवलं.

"हौ," अब्बा म्हणाले. "आरी. साफ आरी."