विमलमावशींना वाचता येतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी नाशिकच्या एका शाळेत शिक्षक आहे. स्काउटचं पथकही माझ्याच गळ्यात. दरवर्षी नवी मुलं आली की मुख्याध्यापक म्हणतात, सर, ती गोष्ट सांगा. नववीत असताना मी सेवा-प्रकल्पात एका निरक्षर बाईंना वाचायला शिकवलं आणि मला पुरस्कार मिळाला — ती गोष्ट. मी सांगतो. आता तर चांगली रंगवून सांगतो.

विमलमावशी आमच्या इंदिरानगरात साड्यांना फॉल-पिको करायच्या. एकट्याच राहायच्या. लेक सुनंदा घोटीला दिलेली. सासरी फोनवर बोलायची सोय नव्हती, कुणीतरी कान देऊन बसलेलंच असायचं, म्हणून ती चोरून मेसेज लिहायची. तो शेजारणीकडून वाचून घ्यावा, तर गोष्ट गल्लीभर. "लेकीचं मला एकटीला वाचता येऊ दे रे बाबा," मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. त्यांना एवढंच हवं होतं.

मी आठ दिवस शिकवलं. ग म भ नच्या पुढे गाडी सरकेना. मला कंटाळा आला — हो, कंटाळाच, दुसरं काही नाही. मग मी नुसता जायचो, चहा प्यायचो, सुनंदाचे मेसेज स्वतःच वाचून दाखवायचो आणि वहीत लिहायचो, आज दोन धडे झाले.

प्रकल्प तपासायला परीक्षक आले. त्यांनी मावशींपुढे वर्तमानपत्र धरलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सर, मावशींचा चष्मा दुरुस्तीला दिलाय." चष्मा समोर मशीनवरच होता. मावशींनी हातातली साडी हळूच त्याच्यावर ठेवली.

ते गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुझं झालं ना? आता माझं करू." सोमवारी येतो म्हणालो. गेलो नाही. तो रस्ताच सोडला. कुठल्या तोंडाने जाणार? — ही पण सबबच म्हणा.

महिन्याभराने मावशी सुनंदाचा मेसेज घेऊन आमच्या दारात आल्या. आवाज ऐकला आणि मी बाथरूममध्ये शिरलो, कडी लावली. पोट बिघडलंय, असं आतूनच ओरडलो. आई त्यांना म्हणाली, द्या, मी वाचते. तर त्या म्हणाल्या, "नको, त्यालाच दाखवते. सुनंदाचं त्याला ठाऊक आहे." पाऊण तास बसल्या. मी आत, उलट्या बादलीवर. बाहेर येऊन दोन ओळी वाचायला किती वेळ लागला असता? मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायी मी त्यांना तसंच जाऊ दिलं.

पंधरा दिवसांनी सुनंदा माहेरी आली. हात प्लास्टरमध्ये होता. पुन्हा सासरी गेली नाही. त्या मेसेजमध्ये काय होतं? मी कधीच विचारलं नाही. मावशी अजूनही भेटतात, मला "सर" म्हणतात, आणि मी घाईत असल्याचं दाखवतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा गोष्ट सांगितली. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, सर, त्या बाई आता काय वाचतात?

मी म्हणालो, "लेकीचे मेसेज."